सोसायटीत भाडेकरू ठेवताना चेहरा, आडनाव आणि ताट बघायचं का?

केतकी_बोरिवली

नमस्कार मंडळी. विषय जिव्हाळ्याचा आहे म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आमची जुनी इमारत रिडेव्हलपमेंट होऊन आता टॉवर झालाय. बहुतेक मराठी कुटुंबं, काही गुजराती, काही दाक्षिणात्य. मी यंदा कार्यकारिणीत आहे. चौथ्या मजल्यावरच्या काकू मुलीकडे नाशिकला राहायला गेल्या. आपला फ्लॅट त्यांनी दोन नर्सना लिव्ह अँड लायसन्सवर द्यायचं ठरवलं. एक मिझोरामची, दुसरी मणिपूरची. दोघी इथल्याच एका मोठ्या हॉस्पिटलात आयसीयूत काम करतात. काकूंनी रीतसर सोसायटीला पत्र दिलं आणि मीटिंगमध्ये एकच गलका झाला. त्या काय शिजवतील सांगता येत नाही, रात्री-अपरात्री येतील, त्यांच्याकडे कोण कोण येईल, 'आपल्या वातावरणात' बसणार नाहीत.

रात्रपाळीची नर्स अपरात्रीच येणार ना? आपल्या आईला आयसीयूत ठेवायची वेळ आली तर रात्री तिथे कुणीतरी जागं असावं असं आपल्यालाच वाटतं.

त्याच संध्याकाळी सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकाने त्या मुलींच्या डोळ्यांवरून घाणेरडा विनोद टाकला. खाली हसण्याच्या इमोजींची रांग लागली. मी लिहिलं, की हे काढून टाका, हा वर्णद्वेष आहे. उत्तरं आली: 'मस्करी समजत नाही का', 'हे पॉलिटिकल करेक्टनेसचं खूळ अमेरिकेत ठेवा'.

मला जास्त लागलं ते वेगळंच. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये मुलुंडला एका मराठी महिलेला ऑफिससाठी जागा नाकारल्याचा व्हिडिओ फिरला होता, आठवतो? तेव्हा हाच ग्रुप पेटून उठला होता. 'आमच्याच मुंबईत आम्हाला घर नाही' असं लिहिणारी माणसं आज तेच दुसऱ्याला ऐकवतायत.

तुमच्या सोसायट्यांमध्ये काय होतं? समितीला असं नाकारता येतं का? आणि बोलण्याच्या बाबतीत मी फार ताणतेय असं तुम्हाला वाटतं का? मोकळेपणाने लिहा.

दहिसरकर

समितीला अधिकारच नाही. काकूंना सांगा, करार रजिस्टर करा, पोलिसांकडे भाडेकरूंची माहिती भरा आणि किल्ली द्या.

तात्या_डोंबिवली

केतकीताई, तुमची तळमळ कळते, पण दुसरी बाजूही मांडतो.

ज्याचं घर त्याची मर्जी. मी आयुष्यभर हप्ते फेडून घेतलेल्या घरात कोण राहील हे मी ठरवणार, सरकार नाही आणि फोरमवरचे सभासदही नाहीत. शेजारी कोण असावा याबद्दल माणसाला काहीच वाटू नये ही अपेक्षा फार झाली.

आणि बोलण्याचं म्हणाल तर आजकाल तोंड उघडायची चोरी झाली आहे. आम्ही बँकेत एकमेकांना काळ्या, जाड्या, टकल्या अशाच हाका मारायचो. कुणी तक्रार केली नाही. एकमेकांच्या लग्नाकार्यात राबलो, मयताला खांदा दिला. आता सगळे तोलूनमापून बोलतात आणि शेजारचा माणूस मेला तरी कुणाला पत्ता नसतो. मला तरी तो जुना काळ जास्त माणुसकीचा वाटतो.

फणसाची_आठळी

तात्या, टकल्याचं मत विचारलं होतं का कधी? :)

शेवंता_गिरगाव

तात्या, मी तुमच्या त्या 'काळ्या'च्या बाजूने लिहिते.

आमच्या घरात बहीण गोरी आणि मी काळी. पाहुणे यायचे ते आईकडे बघून म्हणायचे, 'ही कुणावर गेली हो?' आई हसायची, मीही हसायचे. तक्रार कधीच केली नाही. तक्रार केली असती तर 'मुलगी तिरसट आहे' असं आणखी एक लेबल लागलं असतं. हळदीच्या, सायीच्या, बेसनाच्या लेपांत माझी शाळा-कॉलेजची वर्षं गेली. लग्नाच्या वयात एका स्थळाने निरोप पाठवला, मुलगी चांगली आहे पण फोटोत जरा उजळ वाटली होती.

कुणी तक्रार केली नाही याचा अर्थ कुणाला लागलं नाही असा होत नाही. गप्प बसणाऱ्याला बहुतेक वेळा पक्कं माहीत असतं, की बोललं तर आपल्यालाच कोपऱ्यात ढकलतील.

तुम्ही खांदा दिलात, लग्नात राबलात, ते खरंच मोठं आहे. पण ते तुम्ही त्याला काळ्या न म्हणताही केलं असतं.

आणि ज्याला खूळ म्हणतात त्याने थोडाफार फरक पडतोसुद्धा. २०२० मध्ये अमेरिकेत पोलिसाने केलेल्या कृष्णवर्णीय जॉर्ज फ्लॉइडच्या हत्येनंतर जगभर आवाज उठला, तेव्हा शादी डॉट कॉमने त्वचेच्या रंगानुसार स्थळं निवडायची सोय काढून टाकली. त्याच वर्षी फेअर अँड लव्हली या क्रीमचं नाव ग्लो अँड लव्हली झालं. क्रीम आजही विकतात, हे मला माहीत आहे. पण माझ्या भाचीला दुकानाच्या फळीवर 'गोरी तर सुंदर' असं रोज वाचावं लागत नाही, याचं मला मोल आहे.

तात्या_डोंबिवली

शेवंताताई, तुमचं वाचून वाईट वाटलं. बहिणीशी तुलना करणारे पाहुणे आणि मित्रांची चेष्टा या वेगळ्या गोष्टी आहेत असं मला अजूनही वाटतं. पण तुमचा मुद्दा टाळत नाही.

अॅड_निशिगंध

कायद्याचा भाग लिहितो, कारण या विषयावर चुकीची माहिती फार फिरते.

महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे (बायलॉज) सभासदाला घर भाड्याने द्यायला संस्थेची परवानगी लागत नाही. आगाऊ कळवायचं आणि नोंदणी केलेल्या कराराची प्रत द्यायची. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत हवा. १ ऑगस्ट २००१ च्या शासन निर्णयाप्रमाणे संस्था नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस (मालक स्वतः राहत नसेल तर लागणारं शुल्क) घेऊ शकते, पण सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त नाही. समितीने अडवलं तर काकूंनी वॉर्डाच्या उपनिबंधकांकडे तक्रार करावी. केतकीताई, तुमच्या समितीला हे लेखी दाखवा, बरेच आवाज खाली येतील.

आता तात्यांच्या मुद्द्याकडे. घरमालकाने स्वतःच नाकारलं तर कायदा दुबळा आहे, हे मान्य करावं लागतं. घटनेचं कलम १५(१) शासनाला भेदभाव करायला मनाई करतं. १५(२) मध्ये दुकानं, उपाहारगृहं, हॉटेलं, विहिरी, रस्ते येतात. खाजगी फ्लॅट त्यात नाही. अस्पृश्यतेच्या कारणाने कुणाला नाकारलं तर मात्र कलम १७ आणि १९५५ चा नागरी हक्क संरक्षण कायदा आहे. अनुसूचित जाती-जमातींसाठी १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे. मिझोराम-मणिपूरमधले बरेच लोक अनुसूचित जमातींत मोडतात. ईशान्येकडच्या लोकांना चेहऱ्यावरून हिणवणाऱ्यांवर याच कायद्याखाली कारवाई करा, असं केंद्रीय गृहमंत्रालयाने २०१२ मध्ये राज्यांना कळवलं होतं. त्यामुळे ग्रुपवरच्या त्या गृहस्थांनी मस्करी जरा जपून करावी.

दिल्लीत अरुणाचलच्या एका विद्यार्थ्याचा मारहाणीनंतर मृत्यू झाला, तेव्हा २०१४ मध्ये ईशान्येकडच्या लोकांच्या प्रश्नांवर बेझबरुआ समिती नेमली होती. त्या घटनेची सुरुवातही त्याच्या दिसण्यावरून केलेल्या चेष्टेतून झाली होती.

तात्या_डोंबिवली

वकीलसाहेब, माहितीबद्दल आभार. पण मग पारसी कॉलनी, सारस्वतांची सोसायटी यांचं काय? २००५ मध्ये सुप्रीम कोर्टानेच अहमदाबादच्या पारशांच्या सोसायटीला फक्त पारसी सभासद घ्यायची मुभा दिली ना? त्यांना चालतं आणि आमच्या इमारतीने केलं की वर्णद्वेष?

अॅड_निशिगंध

निकाल तुम्ही म्हणता तोच. पण तो नोंदणी झालेल्या उपविधीतल्या सभासदत्वाच्या अटीबद्दल आहे. केतकीताईंच्या संस्थेच्या उपविधींत अशी अट नाही. मंगळवारच्या मीटिंगमध्ये चार जणांनी मान हलवली म्हणून ती तयार होत नाही. आणि इथे सभासदत्वाचा प्रश्नच नाही, भाडेकरूचा आहे. त्या निकालावर भरपूर टीकाही झाली आहे, मला स्वतःला तो पटत नाही.

परळचा_पोरगा

सारस्वतांच्या सोसायटीचं उदाहरण तात्यांनी काढलं ते बरं झालं, कारण इतिहास तिथूनच समजतो. गावदेवीची ती सोसायटी १९१५ ची, आपल्याकडच्या सहकारी गृहनिर्माणाची सुरुवातच तिथली. मुंबईत नव्याने आलेल्या पगारदारांना भाड्याची घरं परवडत नव्हती, म्हणून एका जातीची माणसं एकत्र आली. चाळींतही तेच. एकेका खोलीत गावचे आणि भावकीतले लोक. त्यांना आधार मिळाला, हे खरंच आहे.

पण त्या आधाराला दार होतं आणि ते कुणासाठी बंद होतं, हेही सांगायला हवं. माझे आजोबा गिरणीत होते. त्या काळी दलित कामगारांना कापडखात्यात, म्हणजे विणकामाला, घेत नसत. कारण काय तर धोट्यातला (मागाच्या शटलमधला) दोरा तोंडाने ओढावा लागायचा आणि त्या दोऱ्याला यांचं तोंड लागलेलं सवर्ण कामगारांना चालत नसे. पगार जास्त तो त्याच खात्यात. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला होता. त्या संपात मालकाविरुद्ध सगळे कामगार एक होते, पण मागण्यांच्या यादीत हा मुद्दा सहजासहजी येईना.

खुद्द बाबासाहेबांना १९१७ मध्ये बडोद्यात राहायला जागा मिळाली नव्हती. कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेला माणूस एका पारशी धर्मशाळेत नाव बदलून राहिला आणि तिथूनही त्यांना लोकांनी लाठ्या घेऊन बाहेर काढलं. तेव्हाही घर मालकाचंच होतं, तात्या.

कोकणकडा

दोऱ्याची गोष्ट माहीत नव्हती. आमचं घराणं लालबागचं, आजोबा विणकर होते. त्यांनी हे कधी सांगितलं नाही. त्यांना सांगावंसं वाटलं नसेल.

हार्बरलाईन

मी रत्नागिरीचा. घरी बोलतो ती कोकणी-मराठी, शाळा मराठी माध्यमाची. फोनवर ब्रोकरशी बोललो की तो खूश. 'साहेब, उद्याच या, मालक पण आपलेच आहेत.' मग तो नाव विचारतो. नाव सांगितलं की पलीकडे क्षणभर शांतता, आणि मग तो फ्लॅट 'कालच गेला'.

बायकोने एकदा म्हटलं, नाव आधीच सांगत जा, निदान रिक्षाचे पैसे तरी वाचतील. आता तेच करतो.

माझा एक मामा १९९२-९३ च्या दंगलीनंतर प्रतीक्षानगर सोडून मुंब्र्याला गेला. तेव्हा हजारो कुटुंबं तशीच गेली. आता लोक म्हणतात, 'हे लोक आपापल्यातच राहतात, मिसळत नाहीत.' मिसळायला जागा द्या ना. मी सायनपासून वाशीपर्यंत घरं बघितली आहेत. शेवटी ज्या मराठी ख्रिस्ती कुटुंबाने घर दिलं ते वसईचं. त्यांच्या आजींनी पहिल्याच दिवशी विचारलं, 'बोंबील खाता ना? मग झालं.' त्या घरात आजही आहोत.

मला कुणाकडून गोड भाषा नको आहे. ब्रोकर माझ्याशी नेहमीच गोड बोलतो.

शेवंता_गिरगाव

हार्बरलाईन, शेवटच्या दोन वाक्यांवर बराच वेळ थांबले.

स्नेहल_मुलुंड

मासळीचा विषय निघालाच आहे तर. आमच्या भागात 'व्हेज ओन्ली' इमारतींत मराठी माणसाला थेट नाही म्हणतात. मी स्वतः ऐकलंय, 'तुम्ही मच्छी खाता ना, मग जमणार नाही.' कोळ्यांच्या शहरात! आधी तिथे न्याय मिळू दे, मग आपण मिझोरामचं बघू. दर वेळी समजूतदारपणा मराठी माणसानेच का दाखवायचा?

केतकी_बोरिवली

स्नेहल, तुझा राग मला कळतो. माझ्या भावाला असंच नाकारलंय. पण 'आधी आम्हाला मिळू दे' म्हणत आपण त्या इमारतीचाच नियम आपल्या इमारतीत लावतोय. 'तुम्ही काय शिजवाल' हाच प्रश्न त्यांनी तुला विचारला आणि आमच्या समितीने त्या नर्सना. मुलुंडच्या मालकाशी भांडताना आपण कोणत्या तोंडाने भांडणार? माझ्या हातात मुलुंडची इमारत नाही. बोरिवलीतल्या एका समितीतलं एक मत आहे.

फणसाची_आठळी

सुकटीचा वास विरुद्ध मणिपूरच्या आंबवलेल्या मासळीचा वास असा सामना व्हायला हवा. माझे पैसे सुकटीवर.

दहिसरकर

आमच्या आजीची सुकट भाजली जायची तेव्हा दोन मजले खाली निरोप जायचा. एकदाही सोसायटीची परवानगी घेतली नव्हती.

मैदान_१९३३

जरा विषयांतर, पण गोष्ट याच शहरातली आहे. फोर्टमधली बॉम्बे जिमखाना १८७५ ची, सभासद फक्त युरोपियन. भारताचा मायदेशातला पहिला कसोटी सामना डिसेंबर १९३३ मध्ये याच मैदानावर झाला. लाला अमरनाथांचं शतक त्यातलंच. म्हणजे ज्या मैदानावर भारतीय संघ खेळला, तिथला सभासद मात्र भारतीय होऊ शकत नव्हता.

यावर आपल्याला संताप येतो आणि यायलाच हवा. पण त्याच काळातले पळवणकर बाळू आठवा. मुंबईच्या चौरंगी सामन्यांत (युरोपियन, हिंदू, पारशी, मुस्लिम असे संघ) हिंदू संघाला विकेट्स काढून देणारा दलित डावखुरा फिरकी गोलंदाज. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभराहून जास्त बळी घेतले. आणि पुण्यात त्याला सहकाऱ्यांबरोबर चहा मिळत नसे, पॅव्हेलियनच्या बाहेर वेगळ्या भांड्यात मिळायचा. एवढं करूनही कर्णधारपद काही त्याला मिळालं नाही. ते शेवटी १९२३ मध्ये त्याचा भाऊ विठ्ठल याला मिळालं. गोऱ्यांनी आपल्याला बाहेर ठेवलं आणि आपण बाळूला.

१९४६ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या भारतीयांच्या वागणुकीचा प्रश्न संयुक्त राष्ट्रांत नेणारा देशही आपलाच. आणि २०२० मध्ये वेस्ट इंडीजचा क्रिकेटपटू डॅरेन सॅमीने सांगितलं, की आयपीएलमध्ये त्याला 'कालू' म्हणायचे. अर्थ कळेपर्यंत तो ते कौतुकाचं नाव समजत होता. तात्या, तुमच्या बँकेतल्या हाकेवरून तेच आठवलं.

तात्या_डोंबिवली

बाळूंची गोष्ट आमच्या वडिलांकडून ऐकली होती. हेतू वाईट नसतानाही माणूस दुखावतो, एवढं मी मान्य करतो. पण प्रत्येक शब्दामागे पोलीस लावले तर माणसं बोलायचीच थांबतील, ही माझी भीती खरी आहे. नातवासमोर मी आता जपून बोलतो. त्यात काही वेळा त्याच्याशी बोलणंच कमी होतं.

शेवंता_गिरगाव

तात्या, नातवाला विचारा की. तो तुम्हाला टोकतो कारण तुम्ही त्याला हवे आहात. ज्यांच्याकडून काही अपेक्षाच नसते त्यांना कुणी टोकत नाही.

विद्या_घाटकोपर

सगळे भाडेकरूंवर बोलतायत. लिफ्टबद्दल कुणी लिहील असं वाटलं होतं.

माझी आई पवईच्या एका टॉवरमध्ये पोळ्या करायला जाते. तिथे 'कामवाल्यांनी सर्व्हिस लिफ्ट वापरावी' असा बोर्ड होता. सर्व्हिस लिफ्ट एकच. तिच्यात दूधवाले, कुरिअरवाले, कचऱ्याचे डबे, सामान आणि या बायका. मोठ्या लिफ्ट रिकाम्या खालीवर फिरायच्या. आईला गुडघ्याचा त्रास आहे. सकाळच्या गर्दीत ती जिन्याने जायची, कारण उशीर झाला तर पगार कापतात.

मग कुणीतरी समितीत आवाज उठवला आणि बोर्ड बदलला. आता त्यावर 'घरकाम सहाय्यक' लिहिलंय. लिफ्ट तीच.

मी कॉलेजात शिकवते. पॉलिटिकल करेक्टनेसवरच्या चर्चासत्रांना जाते, तिथे बरीच चांगली माणसं भेटतात. त्यातल्या काहींच्या इमारतींत असे बोर्ड आहेत. मला त्यांच्या बोलण्याबद्दल काही म्हणायचं नाही. ते आदराने बोलतात याचा मला आनंदच आहे, आईशी नीट बोलणारी घरं आणि न बोलणारी घरं यांत तिला फरक पडतो. पण माझ्या आईला त्या लिफ्टने जाता आलं पाहिजे. २००८ मध्ये महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला, त्यात नोंदणीची सोय आहे. लिफ्टचं मात्र समितीलाच ठरवावं लागतं, आणि समितीत कोण असतं? इथे लिहिणारे आपणच.

कोकणकडा

आमच्याकडेही असा बोर्ड आहे. विद्याताई, पुढच्या सर्वसाधारण सभेत विषय देतो. खरंच देतो.

स्नेहल_मुलुंड

माझंही मत थोडं हललंय, पण 'व्हेज ओन्ली'चा प्रश्न सोडणार नाही.

केतकी_बोरिवली

सोडूच नकोस, मीही तुझ्याबरोबर येते.

मंडळी, काल मीटिंग झाली. अॅड_निशिगंध यांनी लिहिलेला उपविधींचा मुद्दा छापून नेला होता. सेक्रेटरींनी वाचला आणि म्हणाले, नाकारण्याचा ठराव करता येणार नाही. मग एकाने सुचवलं, की मुलींकडून 'रात्री दहानंतर पाहुणे आणणार नाही, उग्र वासाचं शिजवणार नाही' असं लिहून घ्या. मी विचारलं, हे बाकीच्या भाडेकरूंकडून घेतलंय का? कुणाकडूनच घेतलेलं नव्हतं. माझ्या बाजूने अजून दोघं बोलले, त्यातले एक आमचे जैन शेजारी. ते म्हणाले, त्यांच्या स्वयंपाकघराचं मी सांगणार नाही, त्यांनी माझ्या स्वयंपाकघराचं सांगू नये. ते कलम वगळलं.

विनोद टाकणाऱ्यांनी मेसेज अजून काढलेला नाही. त्या मुली एक तारखेला राहायला आल्या की ग्रुपमध्ये येणार आणि जुने मेसेज त्यांना दिसले नाहीत तरी माणूस तोच असणार. त्या गृहस्थांशी समोरासमोर बोलायचं ठरवलंय.

निशिगंध, एक शंका. समितीतल्या एकाचं म्हणणं आहे, की 'बाहेरचे' भाडेकरू असतील तर नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस दुप्पट लावू. तसं करता येतं का?

अॅड_निशिगंध

नाही. मर्यादा १० टक्क्यांचीच आणि ती सगळ्यांना सारखी. भाडेकरू मिझोरामचा आहे की मालवणचा, याने बिलात एक रुपयाचाही फरक पडत नाही. जास्त लावलं तर काकूंना बिल जपून ठेवायला सांगा. उपनिबंधकांकडे द्यायच्या अर्जाचा मसुदा मी तुम्हाला वैयक्तिक निरोपात पाठवतो.

हार्बरलाईन

मसुदा इथेच टाका ना वकीलसाहेब. बऱ्याच जणांना लागेल.